गिऱ्हाइकाशीं पहिला शब्द

दहावीची किंवा बारावीची परीक्षा संपली म्हणजे पुढें काय करावें, हा प्रश्न दरवर्षीं पुष्कळ घरांत निघतो. कित्येक मुलामुलींस घरच्या परिस्थितीमुळें लवकर मिळवतें व्हावें लागतें. कित्येकांस दुकानदारीची मुळांतच आवड असते. मुंबई, पुणें, नाशिक अशा शहरांतील मोठ्या दुकानांत सौंदर्यप्रसाधनांचे जे विभाग असतात, तेथें पुष्कळ तरुण मुलगे व मुली काम करतांना दिसतात. 'त्यांत शिकण्यासारखें काय आहे? बाटली दाखवावी आणि पैसे घ्यावे,' असें कांहीं पालक म्हणतात. आमचें मत निराळें आहे. बाटली दाखवणें सोपें आहे. परंतु समोर आलेल्या अनोळखी माणसाशीं पहिला शब्द बोलणें अवघड आहे. तो कसा बोलावा, याविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. ज्या विद्यार्थ्यांस पुढें दुकानांत उभें राहावयाचें नाहीं, त्यांनाही त्या निरुपयोगी ठरणार नाहींत. कारण अनोळखी माणसाशीं बोलण्याचा प्रसंग वकिलास, परिचारिकेस आणि शिक्षकासही रोज येतो.

प्रथम हा माल इतर मालाहून वेगळा कसा, तें पाहूं. कोणी मनुष्य दोन किलो ज्वारी किंवा घरासाठीं झाडू घ्यावयास आला, तर त्याच्या मनांत लाज नसते आणि भीतिही नसते. परंतु चेहऱ्याचें क्रीम, केसांचा कलप किंवा ओठांचा रंग घ्यावयास जो येतो, तो आपल्या शरीराविषयींची एखादी न बोललेली काळजी बरोबर घेऊन येतो. केस पांढरे होऊं लागलेले असतात. मुरुमांचे डाग राहिलेले असतात. पुढच्या महिन्यांत बहिणीचें लग्न असतें आणि चारचौघांत आपण बरें दिसावें अशी इच्छा असते. ही काळजी तो काउंटरवर लगेच मांडीत नाहीं. म्हणून येथें पहिला शब्द जपून टाकावा लागतो. तो नीट पडला तर मनुष्य मोकळेपणानें बोलूं लागतो. चुकला तर 'नुसतें पाहत होतों' असें म्हणून निघून जातो, आणि कधीं कधीं घरीं जाऊन आरशापुढें कष्टी होतो. विक्री गेली तर तें नुकसान दुकानाच्या वहींत दिसतें. मन दुखावलें तर तें कोणत्याच वहींत दिसत नाहीं.

हा धंदा आमच्याकडे नवा आहे असें कोणीं समजूं नये. कांचेची चकचकीत दुकानें येण्यापूर्वीं गांवोगांव कासार बांगड्या घेऊन जात असे, आणि अजूनही कित्येक गांवीं जातो. त्याची रीति पाहण्यासारखी आहे. तो हात हातांत घेऊन बोटांच्या सांध्यांवरून माप ओळखतो. बांगडी अंगठ्याच्या हाडावरून सरकतांना हात दुखतो, आणि दुखला म्हणजे आंखडतो; आंखडलेल्या हातांत बांगडी पिचते. म्हणून नेमक्या त्याच वेळीं कासार माहेरची, पिकापाण्याची, लेकीच्या सासरची विचारपूस करतो. मन बोलण्यांत गुंतलें म्हणजे हात सैल पडतो आणि बांगडी अलगद चढते. म्हणजे त्याचें बोलणें हें वरपांगी गोड बोलणें नव्हे. तो त्याच्या कामाचाच भाग आहे. शिवाय बांगडी फुटली असें तो म्हणत नाहीं, 'वाढवली' असें म्हणतो. ज्या शब्दानें समोरच्या बाईच्या मनाला चरका बसेल, तो शब्द या धंद्यांत उच्चारावयाचा नाहीं, ही समज आमच्या भाषेनेंच त्याला दिलेली आहे. आजच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलानें किंवा मुलीनें या कासाराचे दोन गुण घेतले तरी पुष्कळ होईल: हात सैल पडेल असें बोलणें, आणि चरका बसेल तें टाळणें.

आतां चुकीच्या सुरुवाती कोणत्या, तें पाहूं. त्या मुख्यतः तीन आहेत.

पहिली, 'काय पाहिजे?' किंवा 'कांहीं मदत करूं का?' हा प्रश्न. यांत उद्धटपणा नाहीं. तरीपण त्याचें उत्तर बहुधा 'नको, पाहते आहे' असेंच येतें. याचें कारण असें कीं, मनुष्य दुकानांत नुकता शिरलेला असतो. आपणांस काय हवें हें त्याचेंच अजून ठरलेलें नसतें. शिवाय 'हो' म्हटलें तर कांहींतरी घ्यावें लागेल, अशी त्याला धास्ती वाटते. जो प्रश्न एका 'नको'नें संपतो, त्यानें संभाषण सुरू होत नाहीं.

दुसरी, तोंडपुजेपणा. 'मॅडम, तुमची त्वचा किती सुंदर आहे!' असें प्रत्येकीस म्हणणारी विक्रेती थोड्याच वेळांत ओळखूं येते. कारण मागच्या बाईसही तिनें तेंच म्हटलेलें पुढच्या बाईनें ऐकलेलें असतें. खोटी स्तुति ऐकली म्हणजे गिऱ्हाईक त्यानंतरच्या खऱ्या माहितीवरही विश्वास ठेवीत नाहीं.

तिसरी आणि सर्वांत वाईट सुरुवात म्हणजे वैगुण्य दाखवणें. आमच्या पाहण्यांतील एक प्रसंग सांगतों. एका दुकानांत कॉलेजांत जाणारी एक सांवळी मुलगी केसांच्या पिना घ्यावयास आली होती. काउंटरवरील तरुणानें पुढें होऊन, 'रंग उजळण्याचें क्रीम दाखवूं का? पंधरा दिवसांत फरक पडतो,' असें म्हटलें. त्याच्या मनांत वाईट हेतु नव्हता. त्याला तसेंच शिकवलेलें असावें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. पिना तशाच ठेवून ती बाहेर पडली. तिनें न मागितलेलें उत्तर त्यानें दिलें, आणि तें देतांना तिच्या रंगाला दोष ठरवलें.

हा दोष त्या एका तरुणाचा नव्हे. त्यामागें मोठा इतिहास आहे. १९७५ सालीं हिंदुस्थान लिव्हर कंपनीनें 'फेअर अँड लव्हली' हें क्रीम बाजारांत आणलें, आणि गोरेपणाची जाहिरात घराघरांत पोंचली. पुढें या प्रकाराविरुद्ध लोकांनीं आवाज उठवला. २०१४ सालीं ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेनें नियम घालून दिले कीं, सांवळ्या रंगाचीं माणसें दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी अशीं जाहिरातींत दाखवूं नयेत. २०२० सालीं त्या कंपनीनें आपल्या क्रीमच्या नांवांतील 'फेअर' हा शब्द काढून त्याचें नांव 'ग्लो अँड लव्हली' असें केलें. हें सर्व योग्यच झालें. परंतु लक्षांत ठेवावें कीं, हे नियम छापील व चित्रित जाहिरातीला लागू पडतात; काउंटरवरच्या माणसाच्या जिभेला ते लागू पडत नाहींत. तेथें त्याची स्वतःची सद्सद्विवेकबुद्धि हाच नियम.

वैगुण्य न दाखवतां हा धंदा चालतो काय, असा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याला दोन स्त्रियांचीं चरित्रें उत्तर देतात.

पहिली मॅडम सी. जे. वॉकर. हिचें मूळ नांव सारा ब्रीडलव्ह. ही १८६७ सालीं अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांत जन्मली. तिचे आईबाप गुलामगिरींत राहिलेले होते. ती लहानपणींच पोरकी झाली, विसाव्या वर्षीं विधवा झाली, आणि सेंट लुइस शहरांत लोकांचे कपडे धुऊन तिनें आपल्या मुलीस वाढवलें. तिचे स्वतःचे केस गळत असत. पुढें तिनें टाळू स्वच्छ ठेवण्याची रीति व केसांचें मलम यांचा प्रसार करण्याचें काम हातीं घेतलें, आणि १९०६ च्या सुमारास स्वतःचा धंदा उभारला. ती इतर बायकांपुढें गेली ती त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवून नव्हे. आपली स्वतःची आधींचीं व नंतरचीं छायाचित्रें दाखवून, 'माझें असें झालें होतें' असें सांगत ती गेली. दुसऱ्याच्या दुःखाला हात घालण्यापूर्वीं तिनें आपलें दुःख पुढें मांडलें. हजारों कृष्णवर्णीय स्त्रियांस तिनें हें काम शिकवून स्वतःच्या पायांवर उभें केलें, आणि १९१७ सालीं फिलाडेल्फिया येथें आपल्या विक्रेत्या स्त्रियांची परिषद भरवली. १९१९ सालीं ती वारली.

दुसरी एस्टी लॉडर. ही १९०८ सालीं न्यूयॉर्क येथें जन्मली. तिचा एक मामा रसायनें जाणणारा होता. तो क्रीमें तयार करी आणि ती विकी. केशभूषेच्या दुकानांत केस वाळवण्याच्या यंत्राखालीं बायका रिकाम्या बसलेल्या असत. तेथें जाऊन, 'तुम्हांस बसावेंच लागत आहे, तोंवर हें थोडें लावून पाहतां काय?' अशा तऱ्हेनें ती बोलण्यास आरंभ करी, आणि निघतांना घरीं नेण्यास थोडा नमुना फुकट देई. १९४६ सालीं तिनें पतीबरोबर आपली कंपनी काढली. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत तिनें तरुणपणची एक आठवण लिहिली आहे. एका श्रीमंत बाईला तिनें, 'आपला हा ब्लाउज कोठें घेतला?' असें सहज विचारलें. तेव्हां तो तुला कधीं परवडणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. तें तिला जन्मभर विसरतां आलें नाहीं. एका वाक्यानें माणूस किती लहान होतो, हें जिनें स्वतः भोगलें, तिनेंच पुढें नम्रपणें पहिलें वाक्य बोलण्याची कला लाखों विक्रेत्यांपुढें ठेवली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां योग्य सुरुवातीच्या पायऱ्या क्रमानें सांगतों.

१. स्वागत करावें आणि जागा द्यावी. गिऱ्हाईक आंत आलें कीं हातांतील काम क्षणभर थांबवून त्याच्याकडे पाहावें, 'या, नमस्कार' असें म्हणावें, आणि लगेच त्याच्या अंगावर जाऊं नये. पाठोपाठ फिरणें म्हणजे पाळत ठेवणें होय. 'निवांत पाहा, मी येथेंच आहें,' एवढें म्हटलें तरी माणसाचा संकोच कमी होतो.

२. हात कोठें थांबतो तें पाहावें. माणूस तोंडानें बोलण्याआधीं हातानें बोलतो. एकच बाटली दोनदां उचलून ठेवली, मागचीं बारीक अक्षरें वाचूं लागला, किंमत पाहून बाटली परत ठेवली, यांतील प्रत्येक गोष्टीस अर्थ आहे. बोलणें तेथून सुरू करावें. चेहऱ्यावरून नव्हे, वस्तूवरून.

३. ज्या प्रश्नास 'हो' किंवा 'नको' एवढेंच उत्तर देतां येत नाहीं, असा प्रश्न विचारावा. 'लिपस्टिक दाखवूं का?' याऐवजीं 'रोजच्या वापराला पाहतां आहां, कीं एखाद्या कार्याला?' असें विचारावें. 'क्रीम हवें का?' याऐवजीं 'सध्यां काय वापरतां, आणि त्यांत काय बरें वाटत नाहीं?' असें विचारावें. दुसऱ्या प्रश्नानें गिऱ्हाईक आपली अडचण आपल्याच शब्दांत सांगतें. ती त्यानें सांगावयाची असते. आपण त्याच्यावर लादावयाची नसते.

४. ऐकावें. पुष्कळ विक्रेते प्रश्न विचारतात आणि उत्तर संपण्यापूर्वींच फळीकडे वळतात. बाई 'तेलकट वाटतें' असें म्हणाली, तर पुढच्या वाक्यांत तिचाच 'तेलकट' हा शब्द वापरावा. आपलें म्हणणें कोणीं ऐकलें, हें तेवढ्यानें तिला कळतें.

५. हात लावण्यापूर्वीं विचारावें. 'हातावर लावून दाखवूं का?' असें म्हणून परवानगी मिळाल्यावरच लावावें. दुकानांतील नमुन्याची लिपस्टिक कोणाच्याही ओठांस थेट लावूं नये. ती अनेकांच्या वापरांतली असते. बोटाच्या टोकावर रंग पाहावा. चेहऱ्याचा रंग जुळवावयाचा असेल तर जबड्याच्या कडेला थोडा लावून दाराशीं, दिवसाच्या उजेडांत पाहण्यास सांगावें. दुकानांतील दिवे फसवतात. असें सांगणारा विक्रेता आपल्या बाजूचा आहे, हें गिऱ्हाइकास न सांगतां कळतें.

६. खरें सांगावें. संभाषण कितीही सहज सुरू झालें तरी पुढें खोटें निघालें तर सर्व फुकट जातें. याचें एक उदाहरण संभाषणाच्या रूपानें देतों. एक बाई उन्हापासून रक्षण करणाऱ्या सनस्क्रीनच्या फळीपुढें दोन बाटल्या हातांत घेऊन उभ्या आहेत.

विक्रेती: नमस्कार ताई. या दोहोंत नेमका फरक काय, असें पुष्कळजण विचारतात.

बाई: तेंच पाहत होतें. एकीवर ३० लिहिलें आहे आणि एकीवर ५०. पन्नासची बरीच महाग आहे.

विक्रेती: आपलें उन्हांत जाणें किती असतें?

बाई: शाळेंत शिकवतें. सकाळीं बसनें जातें, दुपारीं परत.

विक्रेती: मग तीसची पुरेशी आहे. उन्हांतील जे किरण त्वचा भाजतात, त्यांपैकीं शेंकडा सुमारें ९७ तीसची अडवते आणि शेंकडा सुमारें ९८ पन्नासची. फरक एवढाच. परंतु चेहरा व मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकी लावा, आणि उन्हांत राहावें लागलें तर दोन तासांनीं पुन्हां लावा. कमी लावली तर पन्नासचीही उपयोगाची नाहीं.

येथें विक्रेतीनें महाग बाटली विकली नाहीं. परंतु ती बाटली संपल्यावर ती शिक्षिका कोणत्या दुकानांत जाईल, हें सांगण्याची गरज नाहीं. त्याचप्रमाणें केसांचा कलप विकतांना, डब्यावर छापल्याप्रमाणें ४८ तास आधीं कानामागें किंवा कोपराच्या आंतल्या बाजूस थोडा लावून पाहावा, हें सांगितलेंच पाहिजे. कारण काळ्या कलपांत बहुधा असणारें एक द्रव्य कित्येकांस सोसत नाहीं, आणि त्यानें चेहरा सुजतो. तसेंच चेहऱ्यावर पुरळ, खाज किंवा चट्टे असलेलें गिऱ्हाईक आलें तर 'आधीं त्वचेच्या डॉक्टरांस दाखवा' हेंच खरें पहिलें वाक्य होय. अशा वेळीं न विकणें हेंही विक्रेत्याचें काम आहे.

संबोधनाविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण पुष्कळदां सुरुवात तेथेंच फसते. वीस वर्षांची विक्रेती पस्तिशीच्या बाईस 'काकू' म्हणून हांक मारते आणि वर तिलाच वय लपवण्याचें क्रीम दाखवते! आदर दाखवण्याचा तिचा हेतु असतो, परंतु त्या बाईच्या कपाळाला आठी पडते. 'ताई' हा शब्द बहुतेक ठिकाणीं चालतो. खरोखर वृद्ध असतील त्यांस 'आजी' किंवा 'मावशी' म्हटलेलें गोड लागतें. आई व मुलगी बरोबर आल्या तर पैसे देणारी आई म्हणून सर्व बोलणें तिच्याशींच करूं नये, आणि वापरणारी मुलगी म्हणून आईस वगळूंही नये. आईसाठीं भेट घ्यावयास आलेला मुलगा लाजत दाराशीं उभा असतो. त्याला 'आई एरव्हीं कोणता वास पसंत करतात?' एवढें विचारलें तरी तो आंत येतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पेहरावावरून माणसाची किंमत करूं नये. नऊवारी नेसलेली, हातांत कापडी पिशवी घेतलेली एखादी बाई अशा झगमगीत दुकानाच्या दाराशीं घुटमळते. विक्रेते तिला पाहूनही न पाहिल्यासारखें करतात. तिला कदाचित् नातीसाठीं बारीकशी कांहीं वस्तु हवी असते. तिच्याशीं तिच्या भाषेंत 'या मावशी, आंत या' असें जो बोलेल, त्यालाच ही कला खरी साधली असें आम्ही समजूं. कारण श्रीमंत गिऱ्हाइकाशीं गोड बोलावयास कोणास शिकवावें लागत नाहीं.

या मार्गांत अडचण नाहीं असें नव्हे. दुकानांत प्रत्येकास महिन्याला अमुक रुपयांची विक्री करण्याचा आंकडा ठरवून दिलेला असतो. महिनाअखेर जवळ आली म्हणजे समोरचा माणूस दिसेनासा होतो आणि आंकडाच दिसूं लागतो. तेव्हां वैगुण्य दाखवण्याचा, भीति घालण्याचा मोह होतो, कारण भीतीनें माल लवकर खपतो. नोकरीची गरज असलेल्या मुलामुलींस हा मोह आवरणें किती कठीण जातें, हें आम्ही जाणतों. म्हणूनच ही संवय नोकरी लागण्यापूर्वीं, घरीं आणि शाळेंत लागली पाहिजे. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, घरांत आलेल्या पाहुण्यांसमोर 'हिचा रंग जरा दबलेला आहे' किंवा 'हा फारच वाळला' असें मुलांविषयीं बोलूं नये. जें मूल घरांत असें ऐकत वाढतें, तें उद्यां काउंटरवर उभें राहून दुसऱ्याच्या मुलाला तेंच ऐकवतें.

सरावासाठीं विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी कराव्या.

(अ) आठवडाभर कोणत्याही दुकानांत गेल्यावर दुकानदारानें पहिलें वाक्य कोणतें उच्चारलें, तें वहींत लिहावें. त्यानें आपणांस बोलावेंसें वाटलें कीं गप्प बसावेंसें वाटलें, तें त्यापुढें लिहावें.

(आ) एकानें विक्रेता व दुसऱ्यानें गिऱ्हाईक व्हावें. विक्रेत्यानें पांच प्रश्न असे विचारावे कीं ज्यांस 'हो' किंवा 'नको' असें उत्तर देतां येणार नाहीं, आणि त्यांपैकीं एकही प्रश्न गिऱ्हाइकाच्या रूपाविषयीं नसावा. नंतर भूमिका बदलाव्या.

(इ) घरांतील कोणत्याही एका बाटलीवरील बारीक अक्षरें वाचून, ती कशासाठीं, कशी व किती दिवस वापरावी, हें आजीला समजेल अशा मराठींत सांगावें. आजीनें एक तरी उलट प्रश्न विचारला, तर संभाषण सुरू झालें असें समजावें.